सांध्यावर सांधा येऊ नये

लेगोचा दोन बाय चारचा साधा ठोकळा हातात आला की मी आधी तो उलटा करते. वरची आठ बटणं सगळ्यांनी पाहिलेली असतात. खालून तो पोकळ असतो आणि त्या पोकळीत तीन नळ्या असतात, पातळ भिंतीच्या, सहज नजरेत न भरणाऱ्या. हा खेळ जगभरातली पोरं ज्या भरवशानं खेळतात तो सगळा भरवसा त्या तीन नळ्यांवर उभा आहे. रंग, आकार, त्यातून झालेली गाडी, घर, जहाज हे सगळं नंतरचं. आधी सांधा.

मी गवंड्याच्या घरातली आहे, म्हणून असेल. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लातूर-औसा पट्ट्यात उभी हयात भिंती रचण्यात घालवली. थापी, ओळंबा, गुण्या, लाईनदोरी या वस्तू आमच्या दारात कायम पडलेल्या असायच्या. नव्या बांधकामावर विटांचे तुकडे आणि चिखल घेऊन आम्ही भावंडं तासन् तास घरं बांधायचो आणि संध्याकाळी अण्णा निघताना ती बघून जायचे, अगदी खऱ्या कामाची पाहणी करावी तशी. आता अण्णा कामावर जात नाहीत. ताईचा मुलगा शाळा सुटली की आमच्याकडे येतो, सतरंजीवर ठोकळ्यांचा ढीग ओततो, आणि आजोबा-नातवाचं काम सुरू होतं. मी त्यांच्यात बसते. हे लिहिण्यामागचं कारण तेवढंच.

नळ्यांची हकिगत आधी सांगते. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या खेड्यात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा सुतार १९३२ पासून लाकडी खेळणी करू लागला. १९४६ साली त्यानं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढणारं यंत्र घेतलं आणि १९४९ मध्ये एकमेकांत बसणारे ठोकळे बाजारात आणले. ती कल्पना त्याची स्वतःची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज या खेळणी बनवणाऱ्या माणसानं तसे ठोकळे आधीच केले होते, त्यावरून ती घेतली. हे पेजचं ऋण सांगायलाच हवं, कारण बटणांची मूळ बुद्धी त्याची. पण त्या पहिल्या ठोकळ्यांचं पोट रिकामं होतं. वरच्या ठोकळ्याच्या कडा खालच्या बटणांना बाहेरून धरत, आतून आधार काही नाही. उंच काही रचलं आणि उचललं की सुटलं.

पुढची नऊ वर्षं या एका अडचणीवर गेली. ओले कर्कचा मुलगा गॉडफ्रेड यानं २८ जानेवारी १९५८ रोजी आतल्या नळ्यांच्या ठोकळ्यासाठी पेटंटचा अर्ज केला. त्यानंतर मापं बदलली नाहीत. १९५८ सालचा ठोकळा आणि या वर्षी कारखान्यातून निघालेला ठोकळा एकमेकांत बसतात. पणजोबांच्या हातातली वस्तू पणतूच्या हातातल्या वस्तूला विनातक्रार जोडली जावी, असं आपल्या घरात दुसरं काय आहे, याचा मी बराच विचार केला. कुलूपकिल्ल्या, बल्ब, चार्जर, गॅसची शेगडी, काहीच सापडलं नाही.

आता माप. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. बटणाची रुंदी ४.८. ठोकळ्याची उंची, वरचं बटण सोडून, ९.६. चार बटणांचा एक चौकोन घ्या. त्याच्या समोरासमोरच्या दोन बटणांच्या मध्यांमधलं तिरकं अंतर ११.३१ मिलिमीटर येतं. त्यातून बटणाची रुंदी वजा केली की ६.५१ उरतात. चार बटणांच्या मधोमध जी मोकळी जागा असते तिच्यात बरोबर तेवढीच नळी मावते, आणि ती चारही बटणांना एकाच वेळी टेकते. म्हणजे बटणाला आता बाहेरून भिंतीचा आणि आतून नळीचा दाब. स्क्रू नाही, खाच नाही, डिंक नाही. प्लास्टिक जरासं ताणलं जातं आणि परत आपल्या जागी यायला बघतं, त्या ओढीवर सांधा उभा राहतो. सुरुवातीचं प्लास्टिक यासाठी पुरेसं विश्वासाचं नव्हतं, कालांतरानं ते वाकायचं. १९६३ पासून एबीएस नावाचं प्लास्टिक वापरायला लागले. हे टणक आणि तरीही लवचिक असतं, रंग धरतं आणि आकार सोडत नाही.

मला यातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते ती घट्टपणा किती ठेवायचा, ही. फार घट्ट केलं तर चार-पाच वर्षांच्या लेकराच्या बोटांना ते सुटणार नाही. सैल केलं तर उचलताच पडणार. धरणं आणि सोडणं ही दोन्ही कामं एकाच सांध्याला, एकाच मापात करायची आहेत, आणि तीही हजारो वेळा. त्यासाठी साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक अचूकतेनं घडवावे लागतात. हे फक्त वाचून पटत नाही, त्याला हाताचा अनुभव लागतो. आमच्याकडे बाजारातून आणलेली प्लास्टिकच्या बादलीतल्या ठोकळ्यांची दोन-तीन कुळं आहेत. रंग झकास, वजन हलकं. त्यांतला एक ठोकळा दातांनी ओढावा लागतो आणि दुसरा वाऱ्यानं निसटतो. भाचा ते वेगळे काढून ठेवतो. "हे नुसते भरायला," म्हणतो. पाया भरायला, आतली पोकळी भरायला. अण्णा त्याच्या या निर्णयावर खूश झाले, कारण गवंडीही कच्ची, वाकडी वीट दर्शनी भिंतीत घालत नाही.

किमतीचं न बोलता पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. आमच्या गल्लीत बहुतेकांच्या घरी लेगोचा मोठा सेट येणं शक्य नाही, एखाद्या मोठ्या सेटची किंमत म्हणजे इथल्या घराचा महिन्याचा किराणा आणि वर शाळेची फी. आमच्याकडे जे आहे ते पुण्याच्या मामांकडून, त्यांच्या मुलांचं झाल्यावर, दिवाळीला थोडंथोडं आलेलं. ठोकळ्याची मूळ पेटंटं कधीच संपली आहेत, आणि २०१० साली युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानंही असा निकाल दिला की ठोकळ्याचा आकार हा कामासाठी लागणारा आकार आहे, त्याच्यावर कुणा एकाची मालकी व्यापारचिन्ह म्हणून राहू शकत नाही. माझ्या मते हा निकाल पोरांच्या बाजूचा आहे. आपल्याकडच्या एखाद्या कारखान्यानं ती मापं जिद्दीनं पाळून ठोकळे काढले, तर लोहा-कंधारच्या पोरांच्या हातातही तोच सांधा येईल. कायद्याची आडकाठी नाही. साच्याची निगा तेवढी हवी.

भाच्यानं पहिल्यांदा भिंत रचली तेव्हा सगळे ठोकळे एकावर एक, अगदी सरळ उतरंडीत लावले होते. दिसायला सुबक. अण्णा चहा पीत बघत होते. म्हणाले, "सांध्यावर सांधा येऊलालाय बघ. ही भिंत न्हाई, ह्या उभ्या चळती हायेत. बोट लाव." त्यानं बोट लावलं, आणि दोन चळतींच्या मधून भिंत फाकली. मग अण्णांनी दुसऱ्या थराचा पहिला ठोकळा अर्धा सरकवून बसवला. वरच्या विटेनं खालच्या दोन विटांना धरलं पाहिजे, एवढाच नियम. वीटकामातला हा नियम किती जुना असेल? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला विटांचं फार जुनं देऊळ आहे, प्राचीन व्यापारी शहर तगर म्हणजे हेच गाव, आणि तिथल्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध. आम्ही तिथं गेलो तेव्हा अण्णा मूर्तींकडे नंतर वळले. आधी भिंतीजवळ जाऊन सांधे बघत राहिले. तिथल्या संग्रहालयात भाजलेल्या मातीच्या लहानलहान आकृती आहेत, त्या काचेसमोर भाचा हलेना.

दगडाचं सांगायचं तर आमच्या भागात सांध्याचा विषय निघाला की बोलणं एका तारखेवर येऊन थांबतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली, ती मुख्यतः घरांच्या भिंतींखाली. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, दगड चांगला काळा होता. पण आतला आणि बाहेरचा असे दोन दर्शनी थर चिखलात रचलेले, मधे खडी-माती भरलेली, आणि दोन्ही थरांना आरपार शिवणारा लांब दगड क्वचितच. हादरे बसले तसे दोन्ही थर दोन दिशांना कोसळले आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मणांनी वजन खाली आलं. कित्येक घरांत लाकडी खण मात्र उभे होते, कारण सुतारानं खांब-तुळया एकमेकांत गुंतवलेल्या होत्या. अण्णा नंतर नव्या गावठाणांच्या बांधकामावर होते. तिथं गवंड्यांना भिंतीभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि आरपार दगड शिकवला गेला. त्यावर ते फार बोलत नाहीत. नातवाच्या प्रत्येक भिंतीला बोट लावून बघतात, एवढंच मला दिसतं.

म्हणून कुणी "खेळणंच तर आहे" म्हणालं की मला ते पटत नाही. वस्तू एकमेकींना कशी धरतात हे ज्या वयात बोटांना कळतं, त्या वयात ते कळलं पाहिजे.

सेट बनवणाऱ्या डिझायनरांचं काम मी जसजसं समजून घेत गेले तसतसा त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला. नवा आकार हवा तसा साचा करून घेण्याची मुभा त्यांना फारशी नसते. असलेल्या तुकड्यांतूनच मार्ग काढायचा. एकेकाळी कंपनीनं हे बंधन सैल सोडलं होतं. एका सेटपुरतेच उपयोगी असे खास तुकडे वाढत गेले, साच्यांचा खर्च वाढला, आणि २००३-०४ च्या सुमारास मोठा तोटा होऊन कंपनी बुडायच्या बेतात आली. मग तुकड्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आणली. त्या काटछाटीनं खेळ चांगलाच झाला. ज्या तुकड्याला एकच काम येतं तो सेट मोडल्यावर डब्यात नुसता पडून राहतो. ज्याला दहा कामं येतात तोच पुन्हा हातात घेतला जातो.

डिझायनरांचे काही नियम बाहेरच्या माणसाला दिसतही नाहीत. शेजारच्या दोन बटणांमधली फट ३.२ मिलिमीटर असते. चपट्या पट्टीची जाडीही ३.२. म्हणजे पट्टी उभी करून बटणांच्या मधे खुपसता येते, आणि पोरं ते हमखास करतात. अधिकृत सेटमध्ये मात्र डिझायनर हे टाळतात, कारण तिथं ताणून परत येण्याला वाव नाही, तुकड्यांवर दाब तसाच राहतो आणि पुढं त्यांना इजा होते. जे बसतं ते सगळं बांधकामात चालत नाही, हे तत्त्व त्यांनी खेळण्यातही पाळलं आहे. याउलट ठोकळ्याची अंगची ताकद थक्क करणारी आहे. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या अभियंत्यांनी २०१२ साली दोन बाय दोनचा ठोकळा यंत्रात दाबून पाहिला, तो सुमारे ४३० किलोच्या भारापर्यंत टिकला. त्या हिशोबानं एकावर एक साडेतीन किलोमीटर उंच चळत रचली तरच सगळ्यात खालचा ठोकळा चेपेल. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. अर्थात चळत त्याच्या कितीतरी आधी कलून पडेल, आणि दोष पुन्हा सांध्याकडेच जाईल.

पायऱ्यांची पुस्तिका हा तर स्वतंत्र कलाप्रकार मानावा. तिच्यात शब्द नसतात. बिलुंडचं पोर आणि बाभळगावचं पोर एकच पान वाचतं. एका पायरीत मोजकेच तुकडे, आणि जिथं पुढं-मागं, डावं-उजवं चुकण्याची शक्यता असते तिथं आतल्या बाजूला, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, मुद्दाम भडक रंगाचा ठोकळा घातलेला. राखाडी किल्ल्याच्या पोटात पिवळा, निळा, लाल. भाच्याला आधी वाटायचं की राखाडी संपले असतील. त्याच्यासाठी कुणीतरी खूण करून ठेवली आहे, हे लक्षात आल्यावर तो आतले रंग शोधू लागला. ज्या माणसाचं तोंड आपण कधी बघणार नाही तो आपल्या चुकीचा आधीच विचार करून बसलाय, ही जाणीव मला फार मोलाची वाटते. शेवटी एक-दोन अगदी बारीक तुकडे उरतात, त्याचंही कारण आहे. पाकिटं वजनावर तपासली जातात, आणि इतक्या हलक्या तुकड्यातला एखादा कमी पडला तर काट्याला कळणं कठीण, म्हणून ते जास्तीचे घालतात.

पण सगळ्यात मोठं कसब पायऱ्यांच्या क्रमात असतं. बारा-पंधरा पानं तुम्ही काहीतरी जोडत असता आणि ते काय आहे ते कळत नाही. एक विचित्र कोनात गेलेली पट्टी, बाजूला बटण आलेला एक ठोकळा. मग एका पानावर दुसरा भाग आडवा येऊन तिथं बसतो आणि अचानक ते इंजिनाचं तोंड होतं किंवा देवडीची कमान. बांधणाऱ्याच्या तोंडून जो उद्गार निघतो त्याची जागा डिझायनरनं आधीच ठरवलेली असते. आमच्या घरी तो उद्गार तिघांचा मिळून निघतो. कामाची वाटणी ठरलेली आहे. भाचा गवंडी, मी बिगारी. तो सांगतो ते तुकडे मी शोधून द्यायचे. अण्णा मुकादम.

बिगारीपणाचं माझं शास्त्र असं की तुकडे रंगानं लावू नयेत, आकारानं लावावेत. सुरुवातीला सगळेच रंगानं लावतात, कारण ते दिसायला छान दिसतं. पण तांबड्या ढिगात तांबडा बारीक तुकडा शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. तेच आकारानं लावलं तर सगळ्या बारीक तुकड्यांत तांबडा लगेच उठून दिसतो. मी मिसळणाच्या डब्यासारखी वाटी-वाटी मांडून ठेवते. ढिगात हात घालून खळखळ करत शोधण्यातही सुख आहे, ते मी नाकारत नाही. दुपारभर घरात तो आवाज चालू असला की मला बरं वाटतं.

पुस्तिका बघून बांधण्याला काही लोक नावं ठेवतात. म्हणतात, पोरांची कल्पनाशक्ती मरते. मला तसं वाटत नाही. अण्णा पहिली काही वर्षं उस्तादाच्या हाताखाली त्यांनी दाखवली तशीच भिंत बांधत होते. दुसऱ्याचं बांधून बघितल्याशिवाय तुकड्यांत काय काय दडलंय ते कळायचं कसं? गणितज्ञांनी मोजलंय की दोन बाय चारचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात. एवढ्या मोठ्या माळरानावर लेकराला एकटं सोडून "घे, हवं ते बांध" म्हणण्याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. एक वाट दाखवायची, मग सेट मोडायचा, मग सोडायचं. मोडणं मात्र झालंच पाहिजे. काही घरांत बांधलेला सेट कपाटात काचेआड ठेवतात, काही जण तर डिंकानं पक्का चिकटवतात. ते पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं. सुटण्यासाठी एवढा जीव ओतून घडवलेला सांधा कायमचा बंद करून टाकला.

आपल्याकडे सुट्या सांध्यांची परंपरा केवढी मोठी आहे! यादवांच्या काळात हेमाद्री पंडित देवगिरीच्या दरबारी होता, त्याच्या नावानं आपण ज्या देवळांना हेमाडपंती म्हणतो ती चुन्याशिवाय उभी आहेत. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ घ्या, निलंग्याचं नीलकंठेश्वराचं घ्या. दगड घडवायचा, त्याला खाच आणि उंचवटा ठेवायचा, आणि एकात एक बसवायचा. वजन स्वतःच सांधा आवळून धरतं. अशा देवळाची दुरुस्ती करताना दगडांवर क्रमांक घालून ते उतरवता येतात आणि त्याच क्रमानं पुन्हा चढवता येतात. वेरूळचं कैलास लेणं याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथं जोडणं मुळीच नाही, आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरत नेला, सांधा हा प्रकारच नाही. मला कैलासासमोर उभं राहिलं की शब्द सुचत नाहीत. पण तिथं छिन्नीचा एक घाव जास्त पडला तर तो परत घेता येत नाही. लेकराच्या हातात द्यायची रीत ती नव्हे. लेकराला हेमाडपंती रीत द्यावी.

लेगोनं २००८ साली ताजमहालचा सेट काढला, साधारण ५,९०० तुकड्यांचा, तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या सेटांपैकी एक. तो आमच्याकडे नाही आणि येणारही नाही. पण मामांच्या मुलीनं त्याचे फोटो दाखवल्यावर भाच्यानं विचारलं, मग आपला बीबी का मकबरा का नाही? प्रश्न वाजवी होता. औरंगाबादला, आता छत्रपती संभाजीनगरला, आम्ही त्याला घेऊन गेलो. मकबऱ्याचा खालचा काही भाग आणि घुमट संगमरवरी, मधलं बरंचसं काम चुन्याच्या गिलाव्याचं. हा फरक त्यानं स्वतः हात लावून ओळखला आणि घरी आल्यावर खाली-वर पांढरे आणि मधे बादलीतले मळकट पांढरे ठोकळे लावायचं ठरवलं. बादलीतल्या ठोकळ्यांना पहिल्यांदाच दर्शनी जागा मिळाली.

घुमटानं मात्र चांगलाच वेळ खाल्ला. चौकोनी ठोकळ्यांतून गोल काढायचा तर पायऱ्या पडतात, आणि पायऱ्यांचा घुमट डोंगरासारखा दिसतो. इथं ती ३.२ मिलिमीटरची पट्टी कामाला आली. तीन पट्ट्या म्हणजे एक ठोकळा, ९.६. पण पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि १६ म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. उभं माप आणि आडवं माप तिथं जुळतं. म्हणजे बाजूला बटण असलेले ठोकळे मधे घालून भिंतीवर आडवं बांधकाम करता येतं, आणि ते फटी न राहता मूळ बांधकामाला मिळतं. मग घुमटाचं पोट चार दिशांना चार तोंडं असलेलं करायचं आणि प्रत्येक तोंडावर बारीक बारीक पट्ट्या चढवत गोलाई आणायची. भाच्याला हे मी सांगितलं नाही. जुन्या गाडीच्या सेटमध्ये दिवे आडवे बसवले होते, तेच त्यानं घुमटाला लावलं. पुस्तिका पाळून बांधलेल्या त्या गाडीनं त्याला घुमट दिला. घुमट थोडा चपटा झालाय. तिघांनाही तो आवडतो.

सध्या काम चालू आहे ते हेमाडपंती देवळाचं. यादवकाळातल्या कित्येक देवळांचा तळ ताऱ्यासारखा असतो, चौकोन मध्याभोवती फिरवत फिरवत काढलेला, त्यामुळे भिंतीला कोपरेच कोपरे येतात आणि त्यांच्यावर उन्हं-सावल्या पडतात. आता ठोकळ्यांची जाळी सगळी काटकोनात. तिरपं बसवायला गेलं की बटणं जुळत नाहीत. दोन दिवस भाचा रागावून होता. अण्णांनी त्याला दोरी आणायला सांगितली. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या, तीन घरं, चार घरं, पाच घरं, आणि तिचा त्रिकोण ताणून दाखवला. गुण्या जवळ नसला की गवंडी पायाची आखणी अशीच करतो, कोपरा काटकोनात येतोच. "तुझ्या ठोकळ्यांत तीन-चार-पाच घेऊन बघ."

भाच्यानं तीन, चार, पाच बटणांच्या पट्ट्या घेतल्या आणि जुळेना. अण्णा म्हणाले, "गाठी मोजूलालास तू. घरं मोज." बटणापासून बटणापर्यंतची अंतरं मोजायची, म्हणजे पट्ट्या लागतात चार, पाच आणि सहा बटणांच्या. कोपऱ्यात एकेक गोल चपटा तुकडा मधे घातला आणि त्रिकोण टक्क बसला. मग मी वहीत आकृती काढली. सात बाय सात घरांच्या चौकोनात पाच घरांचा चौकोन तिरपा बसतो, चारही कोपरे बरोबर बटणांवर. त्याच मध्याभोवती पाचाचाच दुसरा चौकोन सरळ बसतो. एकावर एक ठेवले की आठ टोकांचा तारा.

तारा झाला. अण्णांनी मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाले, एका अंगाला झुकलाय. खरं आहे, तीन-चार-पाचाचा तिरपेपणा ३७ अंशांच्या आसपास येतो, ताऱ्याला हवेत ४५. दोन्ही चौकोन सारख्याच मापाचे ठेवून नेमके ४५ करणं आणि सगळे कोपरे बटणांवर आणणं कधीच शक्य नाही, पण जवळ जाता येतं. वीस, एकवीस आणि एकोणतीस यांचाही काटकोन त्रिकोण होतो, आणि त्याचा कोन साडेत्रेचाळीसच्या घरात. त्यासाठी एक्केचाळीस घरांचा चौकोन हवा. अठ्ठेचाळीस बाय अठ्ठेचाळीस बटणांची करडी पाटी मिळते, तिच्यावर तो मावतो आणि कडेला प्रदक्षिणेपुरती जागाही उरते. मामांना फोन करून विचारलंय, त्यांच्याकडे तसली एक पाटी माळ्यावर आहे. दिवाळीला येताना आणतो म्हणाले. तोवर भाचा करडे तुकडे वेगळे काढतोय, आणि अण्णा नव्या दोरीला गाठी मारतायत, वीस, एकवीस, एकोणतीस.